रासायनिक तंत्रविद्या विभाग, मुंबई विद्यापीठ

रासायनिक अभियांत्रिकी व रासायनिक तंत्रविद्या यांच्या अध्यापनासाठी व संशोधनासाठी मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू केलेला विभाग. उद्योगक्षेत्रात व विद्यार्थिवर्गात तो ‘यूडीसीटी’ या इंग्रजी आद्याक्षरांच्या नावाने ओळखला जात असे. २००२ मध्ये त्याचे नामांतर होऊन त्यास संस्थेचे रूप मिळाले व २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त होऊन ती संस्था मुंबई विद्यापीठापासून वेगळी झाली. संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा घेणे हेच ज्या काळी भारतीय विद्यापीठांचे प्रमुख काम समजले जाई, त्या काळात विद्यापीठाने स्वतः चालविलेला आणि उद्योगधंद्यांशी निगडित असा हा विभाग होता. प्रस्तुत नोंदीत त्याच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी केलेल्या कार्याचा परामर्श घेतला आहे.

पार्श्वभूमी व स्थापना : विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबई हे कापड उद्योगाचे मोठे केंद्र बनले होते. सूत काढणे व कापड विणणे ही कामे येथील गिरण्यांतून होत. परंतु त्या कापडाला लागणारे संश्लेषित रंजक मुख्यत्वे जर्मनी, ब्रिटन व स्वित्झर्लंड या देशांतून येत. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) जर्मन रंजकांची आयात बंद पडली आणि रंग, खळ व विरंजनाची द्रव्ये यांसाठी संपूर्णपणे परदेशांवर विसंबून राहणे किती धोक्याचे आहे, हे गिरणीमालकांना कळून आले. १९२१-२२ मध्ये मो. विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुंबई इलाख्यातील तांत्रिक शिक्षणाच्या प्रश्नाचा विचार केला. तथापि प्रत्यक्ष विभाग सुरू होण्यास आणखी एक तप जावे लागले. कुलगुरू सर विठ्ठल चंदावरकर यांचा पुढाकार व दानशूर व्यक्तींच्या देणग्या यांमुळे ही योजना मूर्त स्वरूपात आली. चंदावरकर यांचा गिरणी उद्योगाशीही निकटचा संबंध होता.

प्रारंभी वस्त्ररसायन व रासायनिक अभियांत्रिकी या दोन शाखा होत्या आणि विज्ञानाची पदवी घेतलेल्यांनाच प्रवेश मिळत असे. पहिले प्रमुख रॉबर्ट फॉर्स्टर हे वस्त्ररसायनाचे ब्रिटिश अध्यापक होते. पुढे रंजके व मध्यस्थ द्रव्ये, तेले व मेदे, अन्न, औषधे, रंगलेप व बहुवारिके या शाखांची भर पडत गेली आणि १९४० नंतरच्या दशकात माटुंगा येथे विभागाची स्वतंत्र वास्तू उभी राहिली. या शाखांच्या नावांवरूनच मुंबईच्या परिसरात पुढील काळात वाढलेल्या उद्योगांची यादी तयार करता येईल.

रंजक रसायनाचा कालखंड : विभागाला संशोधनसंस्थेचे रूप दिले ते कृष्णस्वामी वेंकटरामन (१९०१–८१) यांनी. मँचेस्टर येथे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवून ते प्रथम लाहोर येथे अध्यापक झाले. फ्लेव्होने ही वनस्पतींतील पिवळ्या रंगद्रव्यांच्या वर्गातील संयुगे तयार करण्याची वाट सुलभ करणारी एक विक्रिया त्यांनी तेथे अभ्यासली. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ विल्सन बेकर यांनीही स्वतंत्रपणे तोच अभ्यास केला होता. त्यामुळे ही विक्रिया ‘बेकर-वेंकटरामन पुनर्रचना’ या नावाने रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत रूढ झाली आहे. मुंबईस आल्यावर १९३८ मध्ये ते विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले व १९५७ पर्यंत त्या पदावर राहिले.

बाजारात विशिष्ट व्यापारी नावांनी विकल्या जाणाऱ्या परदेशी रंजकांची संरचना शोधून काढणे, त्यांचे संश्लेषण करणे आणि रेणूची संरचना व धाग्यावरील रंगाचा पक्केपणा यांचा संबंध तपासणे, हे विभागातील रंजकविषयक संशोधनाचे सूत्र होते. दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या तज्ञांनी जर्मन कारखान्यांची पाहणी करून आपले अहवाल प्रसिद्ध केले. तोपर्यंत गुपित राहिलेल्या त्यांतील माहितीची मूळ संशोधन साहित्याशी सांगड घालून वेंकटरामन यांनी संश्लेषित रंजकांच्या रसायनशास्त्रावरील बृहद्‌ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे अनेक तज्ञांच्या सहकार्याने त्यांच्या संपादकत्वाखाली ही ग्रंथमाला आठ खंडांपर्यंत गेली. रंजकांची आयात करणाऱ्या देशातील एका विभागप्रमुखाने लिहिलेला हा ग्रंथ रंजकांची निर्यात करणाऱ्या देशांतही प्रमाणभूत मानला गेला, हे विशेष होय.

वेंकटरामन यांच्या विद्यार्थ्यांपैकी बाळ दत्तात्रेय टिळक (१९१८–९९) यांचा उल्लेख आवश्यक आहे. विभागात डॉक्टरेट व नंतर ऑक्सफर्ड येथे उच्च शिक्षण घेऊन ते विभागातच अध्यापक झाले. १९६६ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. निवृत्तीनंतर ग्रामीण भागात विज्ञान व तंत्रविद्या यांचा उपयोग करण्यासाठी त्यांनी पुणे येथे स्वतंत्र केंद्र स्थापन केले.

वायू व द्रव यांच्यातील विक्रिया : विभागाच्या कार्याचा दुसरा कालखंड मनमोहन शर्मा (जन्म १ मे १९३७) यांच्यापासून सुरू होतो. जोधपूर येथे जन्मलेले शर्मा विभागाचेच पदवीधर होत. केंब्रिज विद्यापीठात पी. व्ही. डँकवर्ट्स (१९१६–८४) यांच्या मार्गदर्शनाखाली १९६४ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते त्याच वर्षी विभागात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते. १९८९ ते १९९७ या काळात ते विभागाचे संचालक होते.

त्यांच्या संशोधनाचा विषय समजण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. खत कारखान्यात अमोनियासाठी तयार केलेल्या वायुमिश्रणातून कार्बन डाय-ऑक्साइड काढून टाकावा लागतो. त्यासाठी ते मिश्रण अल्क किंवा अमाइन यांच्या विद्रावाच्या संपर्कात आणतात. वायू प्रथम द्रवाच्या पृष्ठात विरघळतो, तेथून विसरणाने आत जातो व विद्रावातील द्रव्याशी त्याची विक्रिया होते. या तीन घटनांपैकी सर्वांत मंद घटना कोणती, यावर संपूर्ण क्रियेचा वेग ठरतो. विक्रिया फार मंद असेल, तर वेग द्रवाच्या आकारमानावर अवलंबून राहतो. द्रव जोराने ढवळून फारसा लाभ होत नाही. विक्रिया काहीशी जलद असेल, तर वायू द्रवात किती लवकर शिरतो यास महत्त्व येते व ढवळण्याचा उपयोग होतो. विक्रिया अतिशय जलद असेल, तर ती आंतरपृष्ठालगतच्या पातळ थरातच पुरी होते. अशा वेळी ढवळण्याने प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागील वेग बदलत नाही. वायू व द्रव यांच्यातील आंतरपृष्ठाचे एकूण क्षेत्रफळ तेवढे निर्णायक ठरते. या तिसऱ्या प्रकारात, इतर परिस्थिती समान असल्यास, वेग विद्रावातील विक्रियाकारकाच्या संहतीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे संहती चौपट केली असता वेग दुप्पट होतो.

या शेवटच्या गुणधर्माचा एक व्यावहारिक उपयोग आहे. कारखान्यातील स्तंभात किंवा ढवळपात्रात असंख्य बुडबुडे व थेंब असतात. त्यांचे एकूण पृष्ठफळ मोजणे डोळ्यांना अथवा छायाचित्रणाला सहसा साधत नाही. परंतु ज्ञात क्षेत्रफळाचे सपाट पृष्ठ असलेल्या काचेच्या लहानशा पात्रात एखाद्या जलद विक्रियेचा प्रतिचौरस सेंटिमीटर वेग मोजून ठेवला व नंतर तोच विद्राव मोठ्या यंत्रात वापरून एकूण शोषणाचा वेग मोजला, तर दुसऱ्या संख्येस पहिलीने भागून यंत्रातील आंतरपृष्ठाचे क्षेत्रफळ मिळते. यास रासायनिक पद्धती म्हणतात. डँकवर्ट्स व शर्मा यांनी कार्बन डाय-ऑक्साइडच्या शोषणाविषयीचा आपला मूलभूत निबंध १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर शर्मा व त्यांचे विद्यार्थी यांनी रासायनिक पद्धती भरित स्तंभ, बुडबुडा स्तंभ, ढवळपात्रे यांसारख्या अनेक प्रकारच्या साधनांना लागू केली. एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांच्या विक्रियांपर्यंतही तिचा विस्तार केला.

या संशोधनाला लागणारी साधने साधी होती : काचेचे पात्र, ढवळणी, वायूचे मापक व अनुमापनाची सामग्री. परदेशी चलनाच्या टंचाईमुळे महागडी उपकरणे आयात करणे त्या काळी कठीण होते. अशा वेळी कारखान्यात रोज भेडसावणारा प्रश्न घ्यावा, त्याचे उत्तर मूलभूत सिद्धांतात शोधावे आणि प्रयोग मात्र आपल्या आटोक्यातील साधनांनी करता येईल असा रचावा, ही रीत विभागात रुजली. साधनांची उणीव प्रश्नाच्या अचूक निवडीने काही अंशी भरून काढता येते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

एल. के. दोराईस्वामी यांच्या समवेत शर्मा यांनी लिहिलेला विषमांगी विक्रियांवरील द्विखंडी ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. शर्मा यांना १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. १८४१ मध्ये मुंबईचे जहाजबांधणी अभियंते आर्देशिर कर्सेटजी यांना हा मान मिळाला होता. आधुनिक काळात तो मिळविणारे शर्मा हे पहिले भारतीय अभियंता होत. १९९६ मध्ये त्याच सोसायटीचे लेव्हरह्यूम पदक त्यांना देण्यात आले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण (१९८७) व पद्मविभूषण (२००१) हे किताब दिले.

शिष्यपरंपरा : शर्मा यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांमध्ये रघुनाथ अनंत माशेलकर (जन्म १ जानेवारी १९४३) यांचा समावेश होतो. गोव्यातील माशेल येथे जन्मलेल्या माशेलकरांचे बालपण मुंबईत अत्यंत हलाखीत गेले. विभागातून त्यांनी १९६६ मध्ये पदवी व १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळविली. बहुवारिकांची अभियांत्रिकी व न्यूटनीय नियम न पाळणाऱ्या द्रवांचा प्रवाह हे त्यांचे विषय होत. १९८९ मध्ये ते राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले व १९९५ ते २००६ या काळात वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. जखमेवर हळद लावण्याच्या उपचारासंबंधी अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले एकस्व परिषदेने पुराव्यानिशी आव्हान दिल्यामुळे १९९७ मध्ये रद्द झाले, ही घटना त्यांच्याच कारकीर्दीतील होय. १९९८ मध्ये तेही रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

ज्येष्ठराज भालचंद्र जोशी यांनी शर्मा यांच्यासमवेत १९७९ मध्ये बुडबुडा स्तंभातील द्रवाच्या अभिसरणाचे प्रतिमान मांडले. अशा स्तंभात द्रव मध्यभागातून वर चढतो व भिंतीलगत खाली उतरतो. उंच स्तंभात असे एकच मोठे चक्र नसून साधारणपणे स्तंभाच्या व्यासाइतक्या उंचीची अनेक चक्रे एकावर एक रचलेली असतात, असे ऊर्जेच्या हिशोबावरून त्यांनी दाखविले. लहान यंत्रावरून मोठ्या यंत्राचा आराखडा करताना अभियंत्यास अशा प्रतिमानाचा आधार मिळतो. जोशी पुढे विभागाचे संचालक झाले व २०१४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. शर्मा यांचेच विद्यार्थी गणपती दादासाहेब यादव यांनी उत्प्रेरण हा विषय निवडला. सल्फ्यूरिक अम्ल किंवा ॲल्युमिनियम क्लोराइड वापरणाऱ्या जुन्या प्रक्रियांत दूषित पाणी व गाळ मोठ्या प्रमाणात निर्माण होतो. त्यांऐवजी गाळून पुन्हा वापरता येणारे घन अम्ल उत्प्रेरक त्यांनी विकसित केले. यांपैकी काही उत्प्रेरकांना त्यांनी विभागाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून नावे दिली आहेत. अनिरुद्ध पंडित व जोशी यांनी १९९३ मध्ये तेलांच्या जलीय विच्छेदनावर पोकळीभवनाचा होणारा परिणाम अभ्यासला. अरुंद छिद्रातून द्रव वेगाने जाताना दाब उतरून सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात व ते कोसळताना क्षणभर अतिउच्च तापमान व दाब उत्पन्न होतो. पंपांचे पाते झिजविणारी म्हणून अभियंते टाळीत आलेली ही घटना येथे रासायनिक क्रियेच्या कामी लावण्यात आली.

राष्ट्रीय संस्था व उद्योग : पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या इतिहासात विभागाचा प्रभाव स्पष्ट दिसतो. वेंकटरामन हे तिचे पहिले भारतीय संचालक (१९५७–६६). त्यांच्यानंतर टिळक (१९६६–७८), दोराईस्वामी (१९७८–८९) व माशेलकर (१९८९–९५) हे संचालक झाले. म्हणजे या ३८ वर्षांपैकी २७ वर्षे प्रयोगशाळेची धुरा विभागाच्या माजी अध्यापकांकडे वा विद्यार्थ्यांकडे होती व उरलेल्या ११ वर्षांतील संचालक हे शर्मा यांचे सहलेखक होते.

उद्योगक्षेत्रातील कार्य वेगळ्या स्वरूपाचे आहे. विभागात काही काळ अध्यापन केलेले केकी होरमसजी घरडा (१९२९–२०२४) यांनी स्वतःचा कारखाना काढून रंजके व पुढे कीडनाशके आणि तणनाशके स्वतः विकसित केलेल्या प्रक्रियांनी तयार केली. औषधे व सूक्ष्म रसायने या शाखेचे पदवीधर के. अंजी रेड्डी (मृत्यू २०१३) यांनी १९८४ मध्ये हैदराबाद येथे औषधनिर्मितीची कंपनी स्थापन केली. भारतातील १९७० च्या एकस्व कायद्याने औषधी द्रव्यावर एकस्व न देता केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवरच एकस्व देण्याचे धोरण स्वीकारले होते. हे धोरण २००५ मध्ये बदलेपर्यंत ज्ञात औषधाची नवी व स्वस्त प्रक्रिया शोधणाऱ्या रसायन तंत्रज्ञास मोठा वाव मिळाला. आणि प्रक्रियेचा विचार हाच तर विभागाच्या शिक्षणाचा गाभा होता. रंगलेप उद्योगातील अश्विन दाणी (मृत्यू २०२३) व खनिज तेल रसायन उद्योगातील मुकेश अंबानी हेही विभागाचे पदवीधर होत.

अध्यापकांनी कारखान्यांना सल्ला देण्याची प्रथा विभागात मान्य होती. तीमुळे वर्गात शिकविली जाणारी उदाहरणे प्रत्यक्ष कारखान्यातील असत आणि संशोधनाला नवे प्रश्न मिळत. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून अध्यासने, शिष्यवृत्त्या व प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. विभागाच्या जन्मास कारण झालेला दानाचा ओघ याप्रमाणे पुढील पिढ्यांतही चालू राहिला.

स्वायत्तता : विद्यापीठाचा एक विभाग या नात्याने अभ्यासक्रमातील फेरबदल, अध्यापकांच्या नेमणुका व खर्चाची मंजुरी यांसाठी त्यास मोठ्या विद्यापीठीय यंत्रणेवर अवलंबून राहावे लागे. शेकडो महाविद्यालयांसाठी केलेले नियम एका संशोधनप्रधान विभागास सोयीचे ठरतातच असे नाही. त्यामुळे विभागाला टप्प्याटप्प्याने अधिकाधिक स्वायत्तता देण्यात आली. २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळून ‘रसायन तंत्रज्ञान संस्था’ अस्तित्वात आली. यादव हे तिचे पहिले कुलगुरू होत (२००९–१९). त्यांच्यानंतर पंडित कुलगुरू झाले. २०१८ मध्ये संस्थेची भुवनेश्वर व जालना येथील केंद्रे सुरू झाली.

मूल्यमापन : विभागाच्या यशाला काही मर्यादाही होत्या. अनेक मोठ्या भारतीय कारखान्यांनी दीर्घकाळ परदेशी कंपन्यांकडून प्रक्रिया व आराखडे विकत घेतले. त्यामुळे येथील संशोधन कित्येकदा परदेशी कारखान्यांच्या उपयोगी आधी पडे व देशी कारखान्यांच्या नंतर. पदवीधरांचा एक मोठा प्रवाह अमेरिकेकडे वाहत राहिला. ज्या रासायनिक उद्योगाला विभागाने मनुष्यबळ पुरविले, त्या उद्योगाच्या सांडपाण्याचा व अपघातांचा प्रश्न मुंबई-ठाणे परिसरातील नागरिकांना भोगावा लागला. स्वच्छ प्रक्रियांकडे विभागाचे लक्ष वळले ते या वस्तुस्थितीमुळेही होय.

असे असले, तरी अभियांत्रिकीचा विद्यापीठीय विभाग कशासाठी असावा, या प्रश्नाचे एक विचारार्ह उत्तर या इतिहासातून मिळते. येथील पदके व सदस्यत्वे ही व्यक्तींना मिळाली. परंतु त्यामागील कार्य गुरूकडून शिष्याकडे व शिष्याकडून त्याच्या शिष्याकडे जात राहिलेल्या एका रीतीचे फळ होते. मँचेस्टर व केंब्रिज येथे घेतलेले ज्ञान परत आणून येथील कारखान्यांच्या प्रश्नांना जोडणारे अध्यापक लाभले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी पुन्हा अध्यापक होण्याचे ठरविले, म्हणून ही परंपरा तीन-चार पिढ्या टिकली. चांगला पदवीधर उद्योगात गेल्यास एक कारखाना सुधारतो. तो अध्यापनाकडे वळल्यास पुढील पिढीतील अनेक कारखान्यांना व प्रयोगशाळांना त्याचा लाभ होतो. म्हणून बुद्धिमान विद्यार्थ्यांना अध्यापनाकडे वळावेसे वाटेल अशी परिस्थिती टिकविणे, ही अशा विभागापुढील सर्वांत मोठी जबाबदारी ठरते.